जुनं पिस्तूल घेतलंय, दर पन्नासात दोन-तीन फुसके जातात. काय करू?

नेमचुकार
नमस्कार मंडळी. धागा जरा आडवाटेचा आहे, पण इथे सगळ्या विषयांतले दर्दी असतात म्हणून विचारते.

लॉकडाऊननंतर एअर पिस्तूल शिकायला लागले. वय त्रेचाळीस, ऑलिंपिकचं स्वप्न वगैरे काही नाही, मान आणि मन दोन्ही ताळ्यावर यावं एवढाच हेतू होता. मग २५ मीटरची चटक लागली आणि गेल्या वर्षी एका ज्येष्ठ नेमबाजाकडून त्यांचं वापरलेलं पॉइंट टू-टू (.२२ बोअरचं, खऱ्या काडतुसांचं) पिस्तूल घेतलं. परवाना, नोंद, सगळं रीतसर. पिस्तूल पंधरा वर्षांचं आहे, पण दिसायला नवरीसारखं.

पहिले तीन-चार महिने झकास गेले. आता दर पन्नासाच्या डबीत दोन-तीन गोळ्या वाजतच नाहीत. चाप ओढला की नुसतं 'टक्'. परवा सरावाच्या स्पर्धेत रॅपिडच्या (झटपट माऱ्याच्या) फेरीला तीन सेकंद लक्ष्य समोर, आणि माझं टक्! पुढच्या दोन गोळ्या हात थरथरल्यामुळे सातच्या रिंगणात. विकणाऱ्यांना फोन केला तर म्हणाले, "माझ्याकडे असताना वर्षाला एखादी जायची." खरं सांगू? मला वाटतंय त्यांनी गळ्यात मारलं. आता दुरुस्तीला टाकू, परत करू, की काडतुसं बदलू?

चहाटळ
फुसका बार म्हटल्यावर मला आमच्या आळीतला सुतळी बॉम्ब आठवला. वात संपली, आवाज नाही. बंड्या वाकून बघायला गेला. पुढची दिवाळी त्याने भुवया कोरून काढली. 😄

निवृत्त_सुभेदार
चहाटळराव हसतायत, पण पहिला धडा तोच आहे. ताई, 'टक्' झाल्यावर तुम्ही नेमकं काय करता? आधी ते सांगा, मग पिस्तुलाचं बघू.

नेमचुकार
काका, मी स्लाइड (पिस्तुलाचा सरकता भाग) मागे ओढून गोळी बाहेर काढते आणि पुढची मारते. सगळे तसंच करतात ना?

निवृत्त_सुभेदार
सगळे करतात आणि सगळे चुकतात. सुतळी बॉम्बसारखंच काडतूसही कधीकधी उशिरा पेटतं. बहुतेक वेळा पेटतच नाही, पण जे उशिरा पेटतं ते तुम्ही स्लाइड ओढलेली असताना पेटलं तर पितळेचे तुकडे तोंडावर येतात. म्हणून नळी लक्ष्याच्या दिशेला धरून ठेवायची, बोट चापावरून काढायचं आणि मनात सावकाश तीस मोजायचे. मग उघडायचं. नळीत वाकून बघणं तर नाहीच.

दुसरं, 'टक्' आणि 'फट्' यांत फरक आहे. दिवाळीतल्या टिकलीसारखा बारीक 'फट्' आला आणि धक्का नेहमीपेक्षा कमी वाटला, तर गोळी नळीत अडकलेली असू शकते. त्यावर दुसरी मारली तर नळी फुगते किंवा फाटते. तिथे थांबायचं, पिस्तूल रिकामं करायचं आणि रेंज ऑफिसरला बोलवायचं. तुमचं 'टक्' आहे ना नक्की?

नेमचुकार
नक्की टक्. आणि आता स्वतःचीच भीती वाटायला लागलीय. वर्षभर मी ओढतेय स्लाइड.

आगाऊ_कार्टं
शिलाई मशीनचं तेल भरपूर सोडा आत. आमच्या आजीचं मशीन सत्तर वर्षं चाललंय.

निवृत्त_सुभेदार
आजीच्या मशीनमध्ये दारू नसते बाळा. जास्त तेल फायरिंग पिनच्या, म्हणजे काडतुसाच्या बुडावर आपटणाऱ्या खिळीच्या, वाटेत जातं, त्यात जळकी काजळी मिसळून डिंक होतो आणि पिन जोरात पुढे जायच्या ऐवजी रांगत जाते. तेल काडतुसात झिरपलं तर आतला मसालाही मरतो. थेंब टाकायचा आणि पुसून घ्यायचा.

रविवार_सकाळ
पूर्वी इथे भरल्या वांग्याचे धागे निघायचे. आता पिस्तुलं. कुठे नेऊन ठेवलाय...
घरात हत्यार ठेवणं मला तरी पटत नाही. खेळ म्हणा नाहीतर काही म्हणा.

करवीरची_मिसळ
रविवार_सकाळ, आमच्या कोल्हापुरात हे बोलू नका, मिसळ मिळायची नाही! राही सरनोबतनं २०१८ च्या एशियाडला २५ मीटर पिस्तुलातच सुवर्ण आणलं. तेजस्विनी सावंत आमची. स्वप्नील कुसाळे राधानगरी तालुक्यातला, पॅरिसला रायफलमध्ये कांस्य. इथं पोरंपोरी तालमीला जातात तशी रेंजवर जातात.

रविवार_सकाळ
बरं बाई, राही सरनोबतांना माझा विरोध नाही. शेजाऱ्याच्या लग्नात हवेत बार काढणाऱ्यांना आहे.

वकीलीणबाई
त्यांना कायद्याचाही आहे. शस्त्र कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर असा आनंदाचा गोळीबार करून कुणाच्या जिवाला धोका निर्माण केला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही.

नेमचुकारताई, 'परत करू का' याबद्दल. साडी नाही ती. स्वतःचं हत्यार विकायचं तर आधी जिल्हादंडाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला लेखी कळवून पंचेचाळीस दिवस थांबावं लागतं. तुमच्या विक्रेत्यांनी ते केलं असणारच. परत द्यायचं तर आता विक्रेत्या तुम्ही, म्हणजे तेच सगळं उलट्या दिशेने. आणि दुरुस्ती फक्त परवानाधारक दुरुस्तीवाल्याकडे, गल्लीतल्या लेथवाल्याकडे नाही, तो कितीही हुशार असला तरी.

टेक्सासातला_तात्या
इथे मी जुनी .३८ रिव्हॉल्व्हर घेतली होती, चाप लोण्यासारखा हलका. दुकानदार म्हणाला, आधीच्या मालकाने खास काम करून घेतलंय. सहापैकी दोन वाजायच्या नाहीत. मीही महिनाभर काडतुसांना शिव्या घातल्या. शेवटी मूठ उघडल्यावर कळलं, मुख्य स्प्रिंगला ताण देणारा स्क्रू त्या पठ्ठ्याने ढिला करून ठेवलेला. चाप हलका होणारच, घोड्यात दमच नव्हता! स्क्रू पूर्ण आवळला, चाप जड झाला, रिव्हॉल्व्हर सुधारली. वापरलेलं हत्यार घेताना 'चाप किती छान हलका आहे' असं कुणी म्हटलं की मी आता दोन पावलं मागे सरतो.

ताई, तुमच्या पिस्तुलाचा चापही असा कुणी हलका केलाय का बघा.

नेमचुकार
स्पर्धेत या प्रकारात चापाला किमान एक किलो वजन पेलावं लागतं, तपासतात. माझा पास होतो. पण चाप आणि घोड्याची स्प्रिंग एकच नव्हे, हे आज कळलं.

सातारी_कंदी
धागा पळवतोय, माफी. आजोबांची .३२ रिव्हॉल्व्हर घरी आहे, विलायती. त्यांच्या नावावर परवाना होता, ते मार्चमध्ये गेले. सोबत डब्यात काडतुसं आहेत, काही १९८० च्या आसपासची. काका म्हणाले शेतात एकदा उडवून बघू, तर चारात तीन फुसकी. ती वाजवायची कशी?

वकीलीणबाई
वाजवायची नाहीत! अहो, परवाना आजोबांचा होता. ते गेल्यावर तुमच्या घरात ती बिनपरवाना आहे. आजच पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करून पावती घ्या, शस्त्र कायद्याचं कलम २१ त्यासाठीच आहे. मग वारसाहक्काने परवान्याला अर्ज करा. घरात कुणाकडे आधीच हत्यारं असतील तर लक्षात ठेवा, २०१९ पासून एका माणसाला तीन नाही, दोनच. आणि काकांनी शेतात जे केलं ते इथे लिहायला नको होतं. 🙏

सातारी_कंदी
कोणते काका? मला काका नाहीत.

चहाटळ
😂😂 सातारी_कंदी, तुमचा बार मात्र वाजला.

निवृत्त_सुभेदार
गंमत सोडा, कंदीराव, एक सांगतो. .३२ नावाची काडतुसं एकाच प्रकारची नसतात. पिस्तुलाचं वेगळं, रिव्हॉल्व्हरचं आखूड वेगळं, लांब वेगळं. पिस्तुलाचं .३२ काही रिव्हॉल्व्हरमध्ये आत जातं, म्हणून लोकांना वाटतं चालतं. त्याची बुडाची चकती बारीक आणि पातळ असते, काडतूस घट्ट टेकत नाही आणि घोड्याचा मार पुरता बसत नाही. कधी फुसकं जातं, कधी वाजतं, आणि वाजलं तर जुन्या हत्याराला झेपेल याची खात्री नाही. डब्यात काय काय मिसळलंय ते आजोबांनाच ठाऊक. सगळं तसंच जमा करा.

कोकणकडा
आमच्याकडे शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर ठासणीची बंदूक आहे, डुकरांसाठी. आषाढात टोपी (घोड्याखालची, ठिणगी देणारी) सर्दावली की घोडा पडतो आणि डुक्कर आपल्याकडे बघत कणगं खात राहतं. त्याच्या डोळ्यांत जे असतं ना, ते स्पर्धेतल्या पंचाच्या डोळ्यांत नसेल.

पोथीपंडित
अवांतर: 'मिसफायर'ला मराठी शब्द शोधायची गरज नाही, 'फुसका बार' आहेच. पण जुन्या तोफांचं बघा. मागच्या बाजूला भोक असतं त्याला तोफेचा कान म्हणत. त्यात बारीक दारू घालायची, ती रंजक. रंजकेला बत्ती दिली की आग कानातून आत. रंजक ओली असेल किंवा कान तुंबला असेल तर वर नुसता भडका, तोफ गप्प. शत्रूची तोफ निकामी करायला कानात खिळे ठोकत. म्हणजे ताईंचा प्रश्न तीनशे वर्षं जुना आहे: आग आत पोचत का नाही?

निवृत्त_सुभेदार
पंडितजी, अवांतर नाही ते, मुद्द्यावरच आलात. पॉइंट टू-टूमध्ये रंजक मधोमध नसते. बुडाच्या कडेच्या घडीत, म्हणजे रिममध्ये, मसाला गोल पसरलेला असतो. पिन त्या कडेला चेमटवते, मसाला चिरडतो आणि पेटतो. कारखान्यात एखाद्या काडतुसात मसाला पूर्ण गोल पसरला नाही आणि पिन नेमकी कोरड्या जागी बसली, तर टक्. म्हणून या जातीत चांगल्या डबीतही एखादं फुसकं निघतं. पण पन्नासात तीन म्हणजे दुखणं दुसरं.

ताई, पुढच्या वेळी न वाजलेली काडतुसं टाकू नका. भिंगाखाली बुडाची कड बघा. खड्डा खोल आणि कडेवर नीट बसलेला असेल, तरी वाजलं नसेल, तर काडतुसाचा दोष. खड्डा उथळ असेल तर पिस्तुलाचा. मग रेंज ऑफिसरला विचारून तेच काडतूस जरा फिरवून पुन्हा मारा. दुसऱ्या ठोक्याला वाजलं तर कळवा. आणि त्याच डबीतली पंचवीस दुसऱ्या कुणाच्या पिस्तुलात मारून बघा. पैसे खर्च करायच्या आधी एवढंच.

वकीलीणबाई
आणि ती फुसकी काडतुसं खिशात घालून घरी आणू नका. न वाजलेलं काडतूस कायद्याला काडतूसच. रेंजवरच हिशेबात जमा करा. रेंजची बॅग विमानप्रवासाला नेणाऱ्यांनी तर शिवण उलटी करून बघावी. अस्तरात राहिलेल्या एका गोळीपायी विमान सुटलेले अशील मी पाहिलेत.

आगाऊ_कार्टं
मग फुसकं काडतूस पक्कडने उघडून आत मसाला आहे का बघायचं ना सरळ?

निवृत्त_सुभेदार
बंड्याचे नातलग का तुम्ही?

मीनल_प
मी राज्य स्पर्धा खेळलेय, एक भर घालते. सामन्यात टक् झालं की पिस्तूल लक्ष्याच्या दिशेलाच ठेवायचं आणि मोकळा हात वर करायचा. स्लाइडला, सेफ्टीला, कशालाही हात लावायचा नाही. पंच येऊन बघतात: चापाची यंत्रणा चालली, गोळी आत आहे, वाजली नाही. मग दोष ग्राह्य धरतात. तू घाईने स्लाइड ओढलीस की दोष तुझा. सेफ्टी लावलेली राहिली, मॅगझिन नीट बसलं नव्हतं, गोळ्या कमी भरल्या, हे सगळं अग्राह्य. मी पहिल्या वर्षी असेच गुण घालवलेत आणि घरी येऊन आईशी भांडलेय.

आणि पिस्तूल बिघडणं फक्त आपल्यासारख्यांच्या नशिबी नाही. टोकियोला मनू भाकरचं एअर पिस्तूल पात्रता फेरीच्या मध्यात बिघडलं, दुरुस्तीत वेळ गेला, ५७५ वर बारावी आली, अंतिम फेरी हुकली. तीच मुलगी २०२४ ला दोन पदकं घेऊन आली.

एक विचारू? तू गोळी आत घेताना स्लाइड सोडतेस, की हाताने धरून हळूच पुढे नेतेस?

नेमचुकार
हळूच नेते. आवाज झाला की वाटतं काहीतरी तुटेल. जुनं पिस्तूल ना.

मीनल_प
मग पहिला चोर सापडला. स्लाइड पूर्ण मागे ओढून सोडून द्यायची. तू लाडाने नेलीस की काडतूस केसभर बाहेर राहतं. पिनचा पहिला ठोका त्याला आत ढकलण्यातच खर्च होतो.

रविवार_सकाळ
विरोध कायम ठेवून हा धागा रोज वाचतोय, हे नमूद करतो.

नेमचुकार
दोन आठवड्यांनी आले. जे जे सांगितलंत ते सगळं केलं.

आधी मैत्रिणीच्या पिस्तुलात माझ्याच डबीतली पंचवीस मारली. सगळी वाजली. म्हणजे काडतुसं निर्दोष. मग स्लाइड सोडायला शिकले. (पहिल्यांदा डोळे मिटले, हसू नका.) शंभरात सहा जायच्या त्या तीनवर आल्या. तिन्ही भिंगाखाली पाहिल्या. दोनांवर खड्डा उथळ, जणू नखाने दाबलंय. रेंज ऑफिसर बाजूला उभे होते, त्यांच्यासमोर फिरवून पुन्हा मारल्या, तिन्ही वाजल्या.

मग परवानाधारक दुरुस्तीवाल्यांकडे गेले. सत्तरीचे आहेत, कपाळाला दिवा, टेबलावर दात घासायचे ब्रश डझनभर. त्यांनी लाकडी काडीने गोळी बसते त्या कप्प्याच्या तोंडाशी खरवडलं, तर मेण आणि शिशाची काळी खपली निघाली, खरवसाच्या भांड्याला धरते तशी. मी नळी साफ करत होते, तो कोपरा कधीच नाही. मला वाटलं, झालं, हेच. पण त्यांनी दिवा जवळ आणला आणि म्हणाले, "बाई, हे बघा."

कप्प्याच्या कडेला, जिथे पिन येऊन आपटते तिथे, तांदळाच्या कणीएवढा चेमटा. चेमट्यातला धातू आतल्या बाजूला सरकून बारीक उंचवटा झालेला. प्रत्येक गोळी आत जाताना त्याला अडखळत होती, आणि पिनचं टोकही बोथट झालेलं. त्यांनी विचारलं, "घरी रिकामं चालवता का?"

चालवते. रोज रात्री. जेवण झालं की भिंतीवर टिंब लावून दोनशे वेळा. एअर पिस्तूल शिकताना सरांनी लावलेली सवय. त्या एअर पिस्तुलात कोरड्या सरावाची सोय होती, आणि मी धरून चालले की यातही असणार. पुस्तिकेत पान नऊवर ठळक अक्षरांत लिहिलंय, चेंबरमध्ये, म्हणजे त्या कप्प्यात, प्लग घातल्याशिवाय रिकामा चाप ओढू नये. पुस्तिका विक्रेत्यांनी दिली होती. प्लगही दिला होता. मी तो लाल प्लास्टिकचा तुकडा वाहतुकीच्या वेळचं झाकण समजून खणात टाकला होता.

टेक्सासातला_तात्या
🫣

निवृत्त_सुभेदार
टू-टूमध्ये तसंच होतं. काडतूस आत असलं की पिन मऊ पितळेवर पडते, नसलं की थेट पोलादाच्या कडेवर. काही पिस्तुलांत पिन आधीच अडेल अशी व्यवस्था असते, काहींत नसते. दुरुस्त कसं केलं? कानशीने घासलं नाही ना?

नेमचुकार
नाही काका. त्यांच्याकडे निमुळत्या दांड्यासारखं हत्यार होतं. ते कप्प्यात घालून, फिरवत, उंचवट्याचा धातू परत जागेवर दाबला. म्हणाले, घासलं असतं तर धातू गेला तो गेला. पिन नवीन बसवली, स्प्रिंगही बदलली. काल शंभर मारल्या. एकही टक् नाही.

करवीरची_मिसळ
मग आता विकणाऱ्या सायबांचं काय? गळ्यात मारलं म्हणत होता.

नेमचुकार
तेच सांगायचं राहिलं. फोन केला. दहा मिनिटं इकडचं तिकडचं बोलले, मग सांगून टाकलं. ते बराच वेळ गप्प. मग म्हणाले, "लाल प्लग ना? मीही पहिलं वर्षभर खणातच ठेवला होता. त्या कडेला अजून एक जुना चेमटा दिसेल, दाबून बसवलेला. तो माझा."

आज रेंजवर गेल्यावर आधी तेच बघितलं. आहे.

चहाटळ
बंड्याला हा धागा पाठवतोय.